पुसून पुन्हा लिहिता येणारी पाटी



चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा त्यांची कल्पना अशी असावी की, कामगार चळवळीतला माणूस बोनस, महागाई आणि कंत्राटी कामगार ह्यांवर तासभर बोलेल. आम्ही विषय कळवला तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. चाळीस वर्षांपूर्वीची घरगुती गणकयंत्रे आजच्या स्वस्त बोर्डांवर हौशी माणसे पुन्हा कशी उभी करतात, हा आमचा आजचा विषय आहे. आम्ही अभियंते नाही. ह्या विषयातले आमचे जे काही ज्ञान आहे ते युनियनच्या कचेरीत रात्री दिवा जाळून मिळवलेले आहे. तेव्हा सभेत जे जाणकार बसले असतील त्यांनी आमचे जेथे चुकेल तेथे सांभाळून घ्यावे आणि शेवटी उठून सांगावे.

हा विषय आम्हांस सुचला कसा, ते आधी सांगतो. २०२२ साली आपल्या गावात एकच चर्चा होती. वेदान्त आणि फॉक्सकॉन ह्या कंपन्यांचा चिप बनवण्याचा कारखाना तळेगावजवळ येणार, अशी सर्वांची आशा होती. सप्टेंबर महिन्यात तो गुजरातेत जाणार असे जाहीर झाले. आरोप झाले, प्रत्यारोप झाले. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले. तो इतिहास आपणांस ठाऊक आहे. त्या गदारोळात एके सायंकाळी चहाच्या टपरीवर एका तरुण कामगाराने आम्हांस विचारले, "दादा, सगळे चिप चिप म्हणतात, पण ती आतून असते तरी कशी?" आम्ही भाषणे ठोकणारी माणसे, पण त्या पोराला उत्तर देता आले नाही. ज्या वस्तूसाठी एवढी हमरीतुमरी चालली होती, ती आतून काय असते हे भांडणाऱ्यांपैकी फारसे कोणास माहीत नव्हते. ह्या गोष्टीची आम्हांस लाज वाटली, आणि त्या लाजेतून हा अभ्यास सुरू झाला.

शोधता शोधता आम्ही जाऊन पोहोचलो एका जुन्या यंत्रापाशी. इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर ह्यांच्या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी 'झेडएक्स स्पेक्ट्रम' नावाचे घरगुती गणकयंत्र बाजारात आणले. किंमत १२५ पौंडांपासून पुढे. वहीएवढा काळा डबा, त्यावर रबराची बटणे. पडदा म्हणून घरचा दूरचित्रवाणी संच आणि साठवण म्हणून साधा टेपरेकॉर्डर. जगभर ती ५० लाखांहून अधिक खपली. आपल्याला जवळची गोष्ट अशी की, पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स ह्या कंपनीने रीतसर परवाना घेऊन हेच यंत्र १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' ह्या नावाने आपल्याकडे विकले. आम्ही ते प्रथम पाहिले ते पुण्यात, एका परिचितांच्या घरी. कॅसेट लावली की टेपमधून कर्कश किंकाळ्या निघत, पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे धावत, आणि पाचएक मिनिटे सगळे घर श्वास रोखून बसे. पट्टे मध्येच थांबले की कॅसेट मागे फिरवून पुन्हा पहिल्यापासून. पण एकदा का कार्यक्रम चढला की त्या घरातला शाळकरी मुलगा यंत्राला हुकूम सोडू लागे. यंत्र चालू करताच ते हुकमाची वाट पाहत उभे राही, हे त्याचे वैशिष्ट्य होते. आजचा मोबाइल चालू करताच आपल्यालाच हुकूम सोडू लागतो!

त्या डब्यात होते काय? झेड-८० नावाचा प्रक्रियक, म्हणजे हिशेब करणारा मेंदू. तो झायलॉग कंपनीने १९७६ मध्ये काढलेला; त्यात सुमारे ८,५०० ट्रान्झिस्टर. स्मृती ४८ किलोबाइट. आणि तिसरी एक चिप, जिला 'यूएलए' म्हणत. पडद्यावर चित्र उमटवणे, बटणे वाचणे, टेपचा आवाज ऐकणे अशी सगळी फुटकळ कामे ती एकटी करी. ही चिप फेरँटी कंपनीची. तिची घडण छापील अर्जासारखी होती. कोरे फॉर्म कारखान्यात आधीच छापून ठेवलेले. गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे शेवटचा धातूचा थर चढवून मोकळ्या जागा भरायच्या. एकदा शाईने भरले की भरले, मग खाडाखोड नाही.

आता ह्या यंत्राचे पुढे काय झाले? १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणकांचा धंदा अ‍ॅमस्ट्रॅडने विकत घेतला, १९९२ मध्ये स्पेक्ट्रम बंद झाले, १९९३ मध्ये फेरँटी बुडाली. झेड-८० मात्र तग धरून होता. त्याच्या मूळ मालिकेच्या शेवटच्या मागण्या जून २०२४ मध्ये घेतल्या गेल्या. यूएलए जळाली तर नवी मिळण्याची सोय केव्हाच संपली होती. कंपनीबरोबर चिप गेली, आणि चिपबरोबर तिच्या आतले शहाणपणही जाण्याच्या बेतात होते. तेव्हा ख्रिस स्मिथ नावाच्या एका इंग्रज गृहस्थांनी ती चिप उघडून, तिच्या आतल्या रचनेची छायाचित्रे घेऊन, एकेक जोडणी माग काढीत तपासली आणि २०१० मध्ये त्यावर संपूर्ण पुस्तक लिहिले. जुन्या वाड्याचा नकाशा हरवला म्हणजे जाणता गवंडी भिंती ठोकून ठोकून तो पुन्हा काढतो, तसेच हे काम झाले.

नकाशा मिळाला, पण वाडा बांधायचा कशावर? येथे आजच्या विषयाचे मुख्य पात्र रंगमंचावर येते. त्याचे नाव एफपीजीए, म्हणजे 'फील्ड प्रोग्रॅमेबल गेट अ‍ॅरे'. नाव भारदस्त आहे, गोष्ट सोपी आहे. यूएलए हा शाईने भरलेला अर्ज म्हटला, तर एफपीजीए ही पाटी आहे. लिहा, पुसा, पुन्हा लिहा.

आत काय असते ते घरातल्या जिन्यावरून सांगतो. जिन्यातल्या दिव्याला खाली एक बटण असते आणि वर एक. दोन्ही बटणे सारख्या बाजूस असली तर दिवा बंद. एक इकडे नि एक तिकडे असले तर दिवा चालू. म्हणजे बटणांच्या चार अवस्था आणि त्यांची चार उत्तरे. एवढा तक्ता कागदावर लिहून ठेवला की जिन्याचा सगळा हिशेब त्यात आला. एफपीजीएमध्ये असेच छोटे छोटे तक्ते हजारोंनी असतात. बहुधा एकेका तक्त्याला चार बटणे, म्हणजे सोळा अवस्था आणि सोळा उत्तरे. शेजारी एक अवस्था लक्षात ठेवणारा कप्पा. आणि ह्या सर्वांमध्ये तारांचे जाळे, ज्यातल्या तारा ठरावीक सांध्यांवर आपल्या मर्जीने जोडता वा तोडता येतात. तक्त्यांत उत्तरे भरायची आणि तारा जोडायच्या, की ती चिप आपण म्हणू ते यंत्र होते. सकाळी ती जिन्याचा दिवा असेल, दुपारी गिरणीचा मोजणी-काटा असेल आणि रात्री संपूर्ण स्पेक्ट्रम असेल.

बाजारात टिकलेली अशी पहिली चिप झायलिंक्स कंपनीने १९८५ मध्ये काढली. तिच्यात अवघे ६४ गाळे होते आणि ती हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. आज 'टँग नॅनो ९के' नावाचा चिनी बोर्ड मिळतो. काडेपेटीहून थोडा लांब, त्यात ८,६४० तक्ते, आणि किंमत आपल्याकडे दोन-तीन हजार रुपयांच्या आसपास. दिवाळीत एका घरात फटाक्यांवर ह्याहून अधिक खर्च होतो.

येथे कोणी विचारील की, जुने यंत्र आजच्या साध्या संगणकावरही नकलून दाखवता येते, मग हा खटाटोप कशासाठी? प्रश्न रास्त आहे. फरक कीर्तन आणि नाटक ह्यांतला आहे. कीर्तनकार एकटा उभा राहून आळीपाळीने हरिश्चंद्र होतो, तारामती होतो, विश्वामित्रही होतो. उत्तम कीर्तनकार असला तर श्रोत्यांच्या डोळ्यांना पाणी येते. संगणकातली नक्कल म्हणजे कीर्तन. एकच प्रक्रियक भराभर वेश बदलतो. एफपीजीएमध्ये सगळी पात्रे एकाच वेळी रंगमंचावर उभी असतात. प्रक्रियक आपले काम करीत असतो, त्याच क्षणी चित्र काढणारा भाग आपले काम करीत असतो, आणि दोघांची टक्कर व्हायची तेथे खरोखर टक्कर होते.

ती टक्कर महत्त्वाची आहे. मूळ स्पेक्ट्रममध्ये प्रक्रियक आणि यूएलए ह्यांना पहिल्या १६ किलोबाइट स्मृतीत एकाच दाराने जावे लागे. चित्र काढणे थांबवता येत नाही, म्हणून यूएलए प्रक्रियकाला क्षणभर अडवून धरी. ही खोड होती. पण त्या काळच्या कार्यक्रमकारांनी ती ओळखून त्याप्रमाणे आपले हिशेब बसवले. नव्याने यंत्र उभे करताना ही खोड गाळली तर काही जुन्या कार्यक्रमांतले रंगीत पट्टे वाकडेतिकडे दिसतात. म्हणजे थोरामोठ्यांचे चरित्र लिहिताना गुणांबरोबर दोषही लिहावे लागतात, तसेच यंत्राचेही आहे.

मात्र अतिशयोक्ती नको. एफपीजीएवर केले म्हणून ते आपोआप अचूक होत नाही. मांडणाऱ्याला जेवढे कळले तेवढेच त्यात उतरते. आडात नाही ते पोहऱ्यात येणार कोठून? चांगली संगणकी नक्कल वाईट एफपीजीएपेक्षा केव्हाही बरी. शिवाय ही रचना लिहायची भाषा, वेरिलॉग किंवा व्हीएचडीएल, वेगळ्या विचाराची आहे. नेहमीच्या कार्यक्रमात एकामागून एक आज्ञा असतात. येथे शंभर गोष्टी एकदम घडतात, आणि ते डोक्यात उतरायला महिने लागतात. आम्हांस पहिला दिवा नीट लुकलुकवायला तीन आठवडे लागले, हे सांगायला संकोच नाही.

हे काम जगात कोण करते? बहुतेक ठिकाणी नोकरी-धंदा सांभाळून बसलेली हौशी माणसे. २०१७ मध्ये 'मिस्टर' नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात अनेक जुनी यंत्रे एकाच बोर्डावर उभी करता येतात आणि प्रत्येकाचा आराखडा सर्वांना वाचण्यास खुला असतो. त्याच वर्षी 'स्पेक्ट्रम नेक्स्ट' ह्या नव्या यंत्रासाठी जगभरच्या माणसांनी वर्गणी काढली. त्याचेही हृदय एफपीजीएच आहे. त्याचा डबा घडवला रिक डिकिन्सन ह्यांनी, ज्यांनी १९८२ चा मूळ डबाही घडवला होता. २०१८ मध्ये ते वारले. पूर्वी ह्या चिपांत मजकूर भरण्याची रीत कंपन्या गुप्त ठेवीत. २०१५ मध्ये 'आइसस्टॉर्म' ह्या उपक्रमाने एका जातीच्या चिपची ती रीत शोधून खुली केली, आणि तेव्हापासून काही बोर्डांसाठी तरी साधनेही फुकट मिळू लागली. स्पेक्ट्रमच्या अंगच्या कार्यक्रमाचे हक्क अ‍ॅमस्ट्रॅडकडे गेले होते. त्या कंपनीनेही नक्कल करणाऱ्यांस तो वापरू देण्याचे मान्य केले. ह्यात चोरी नाही, हे मुद्दाम सांगतो. आमच्यावर इतर आरोप पुष्कळ होतात, त्यांत हा नको.

वर्गणीचा उल्लेख आला, म्हणून आपल्या गावाकडे वळतो. तळेगावकरांना ही गोष्ट नवी वाटू नये. अंताजी दामोदर काळे ह्यांनी माणशी एकेक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्यांनी तिला पाठबळ दिले, आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये आपल्या तळेगावात काचेचा कारखाना उभा राहिला. परदेशात काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे होते. त्या कारखान्याचे मोठेपण त्याच्या बाटल्यांत किंवा चिमण्यांत नव्हते. तो कारखाना ही शाळाही होती. तेथे काम शिकलेली माणसे बाहेर पडली आणि काचेचा धंदा घेऊन दूरदूर गेली. कारखाना काढणाऱ्यांना एक गोष्ट उमगली होती. भट्टी कोणीही विकत आणील. भट्टीपुढे उभे राहणारा माणूस घडवावा लागतो.

आता आमच्या धंद्याचा, म्हणजे कामगाराचा प्रश्न. स्पेक्ट्रमची कथा सांगताना सिंक्लेअर ह्यांचे नाव सगळे घेतात. ते यंत्र जोडले कोणी, हे फार थोडे विचारतात. ती यंत्रे स्कॉटलंडमधील डंडी गावी, टायमेक्सच्या कारखान्यात जोडली गेली आणि जोडणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. पुढे काम आटले. जानेवारी १९९३ मध्ये कामगारकपातीवरून संप झाला, फेब्रुवारीत संपकऱ्यांना सरसकट काढून टाकले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कारखान्याला कायमचे कुलूप लागले. फाटकाबाहेर उभ्या राहिलेल्या त्या बायांची छायाचित्रे आम्ही पाहिली आहेत. चेहरे परके आहेत, पण उभे राहण्याची पद्धत आम्ही ओळखतो. आपल्याही औद्योगिक वसाहतीत मोठ्या कारखान्याचे फाटक बंद झालेले आपण पाहिले आहे.

त्याच कारखान्यात डेव्हिड जोन्स नावाचा एक उमेदवार होता. संपाच्या कितीतरी आधी त्याने नोकरी सोडली, सोडताना मिळालेल्या पैशांतून एक संगणक घेतला आणि १९८७ मध्ये स्वतःची कंपनी काढली. तिने १९९१ मध्ये 'लेमिंग्ज' आणि १९९७ मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो' हे खेळ काढले, आणि डंडी गावाला एक नवा धंदा मिळाला. ही गोष्ट तरुणांना स्फूर्ती म्हणून सांगण्याचा मोह होतो. आम्ही ती अर्धीच सांगणार नाही. एक जोन्स वर आला तेव्हा शेकडो बाया घरी बसल्या होत्या. ज्ञान हे भाकरीच्या बदली देता येत नाही. 'शिका म्हणजे झाले' असे सांगून कामगाराची बोळवण करणाऱ्यांच्या पंगतीत आम्हांस बसायचे नाही. पण त्या बायांच्या बोटांतून लाखो यंत्रे गेली आणि यंत्राच्या आत काय आहे हे त्यांना सांगण्याची गरज कोणास वाटली नाही, हाही अन्यायच होता. मजुरी कमी देणे हा अन्याय आपण मोजतो. माहिती न देणे हा अन्याय आपण मोजत नाही.

ह्यात आमच्या चळवळीचाही दोष आहे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी गणकयंत्राला कडाडून विरोध केला. त्यांची भीती खोटी नव्हती. माणसांच्या नोकऱ्यांचा प्रश्न होता. सरकारने प्रा. वि. म. दांडेकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यंत्रे किती व कोठे, ह्याचा करार केला. यंत्र यावे की न यावे, आले तर किती यावे, ह्यावर आमच्या आधीच्या पिढीने जिवाचे रान केले. पण आलेले यंत्र आतून कोणाला समजणार, हा प्रश्न आमच्या मागणीपत्रात कधी चढला नाही. आम्हीही कित्येक मागणीपत्रे लिहिली. त्यांत कँटीनचा चहा आहे, गमबूट आहेत, हे नाही.

त्याचा परिणाम रोज दिसतो. आम्ही ज्या भागात काम करतो तेथील एका कारखान्यात एक जुने यंत्र बंद पडले. सांगाडा ठणठणीत, मोटारी ठणठणीत. नियंत्रणाच्या पेटीतले एक कार्ड गेले होते आणि ते आता कोठे बनत नव्हते. यंत्र भंगारात गेले. त्यावर बावीस वर्षे काम केलेला माणूस दुसऱ्या खात्यात झाडलोटीला लागला. त्या कार्डाचा नकाशा खुला असता, तर त्याचे काम दुसऱ्या चिपवर उतरवता आले असते काय? जाणकार सांगतात की, बंद झालेल्या चिपांचे काम एफपीजीएवर उतरवण्याची रीत उद्योगात चालते. म्हणजे स्पेक्ट्रम पुन्हा उभे करणारा पोरगा खेळता खेळता जी विद्या शिकतो, ती त्या बावीस वर्षांच्या माणसाच्या उपयोगाची होती. एवढ्यासाठी आम्ही हा विषय निवडला.

आता शेवटची सूचना. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन ह्यांच्या नेतृत्वाखाली आपल्या माणसांनी एक गणकयंत्र स्वतः रचून, स्वतः जोडून १९६० मध्ये कामाला लावले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव 'टिफ्रॅक' ठेवले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि स्मृती होती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची. गुणाकार करा: ८१,९२० बिट, म्हणजे दहा किलोबाइट. आम्ही मघाशी सांगितलेल्या लहानशा बोर्डावरील चिपमध्ये ही सगळी स्मृती मावून वर जागा उरते. परदेशातले हौशी आपापल्या लहानपणीची यंत्रे उभी करतात. आपल्याकडे टिफ्रॅकबद्दल जे लेख नि कागद मिळतील ते जमवून त्याचा शक्य तेवढा भाग पुन्हा उभा करणे, हे आयटीआयच्या मुलांना आणि निवृत्त जोडाऱ्यांना मिळून करण्याजोगे काम आहे. एकदम तेथे उडी नको. आधी जिन्याचा दिवा, मग मोजणी-काटा, मग स्पेक्ट्रम, मग टिफ्रॅक.

खर्चाचा हिशेब पैसा फंडाच्या रीतीने सांगतो. बोर्ड अडीच हजारांचा धरला तर पंचवीस जणांनी शंभर-शंभर रुपये काढले की एक बोर्ड येतो. बसायला युनियनची कचेरी आहे; तेथले टेबल आजवर फक्त मूठ आपटण्याच्या कामी आले आहे. गुरुवारी साप्ताहिक सुटी असते, म्हणून दर बुधवारी रात्री आम्ही बसतो. टपरीवर प्रश्न विचारणारा तो तरुण पहिल्या दिवसापासून येतो. चिपचा कारखाना तळेगावात आला नाही, ह्याचे दुःख त्याला आहे, आम्हांसही आहे. उद्या असा कारखाना आपल्याकडे आला, तर आनंदच आहे. मजुरीचे, सुरक्षिततेचे, कायम नोकरीचे भांडण आम्ही तेथेही करूच. पण त्या दिवशी फाटकातून आत जाणाऱ्या आपल्या मुलाला हातातली वस्तू काय आहे हे ठाऊक असावे, एवढीच आमची इच्छा आहे. गेल्या महिन्यात त्या तरुणाने जिन्याच्या दिव्याचा तक्ता कोणाच्या मदतीशिवाय लिहिला, बटण दाबले, आणि दिवा लागला. मग त्याने तो पुसला आणि दुसरे काहीतरी लिहायला घेतले.

 बुधवारी ज्यांना यायचे असेल त्यांनी शंभर रुपये आणावेत. नसतील तर तसेच यावे.